ध्येय गावभर सांगावं की तोंड मिटून कामाला लागावं?

म्हापशेकार:
पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरची अर्धी आयर्नमॅन रेस झाली की दरवर्षी तेच. 1.9 किमी समुद्रात पोहायचं, 90 किमी सायकल, वर 21.1 किमी पळायचं, हे नुसतं वाळूत उभं राहून बघितलेली मंडळी घरी जाऊन स्टेटस टाकतात, पुढच्या वर्षी मी! खाली धडाधड लाईक, कोणतरी मावशी 'देव बरें करूं' लिहून जाते, आणि मग डिसेंबरात लग्नं, मग जत्रा, मग शिगमो, मे महिन्यात मुंबईचे पाहुणे, जूनला पाऊस, त्यानंतर 'चवथ होऊं दी, मागीर पळोवया', म्हणजे गणेशचतुर्थी होऊ दे, मग बघू. चवथ होते तोवर रेस तोंडावर.

माझं मत सरळ आहे, ध्येय कुणाला सांगूच नये. सांगितलं की शाबासकी आधीच मिळते, मग घाम कशाला गाळायचा. हे माझ्या मनाचं नाही. पीटर गॉलविट्झर म्हणून न्यूयॉर्क विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ आहे, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये छापलेल्या प्रयोगात कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून अभ्यासाचा इरादा कागदावर लिहून घेतला. काहींचा कागद समोरच्याने वाचून 'हो, कळलं' म्हटलं, काहींचा तसाच ठेवून दिला. नंतर केसेस सोडवायला दिल्या तर ज्यांचा इरादा वाचला गेला तेच लवकर उठले. बोला आता.

पेडण्याचो_नट:
काय पटलं नाही. तू एकदा आमच्या गावात जत्रेचं नाटक बसवायला ये. पार्ट वाटून झाले की वहीवर धूळ बसते, तालमीला निम्मे गैरहजर, ज्याला राजाचा पार्ट दिलाय तो तर 'मला येतं सगळं' म्हणून तिठ्यावर भजी खात बसलेला असतो. मग हॅन्डबिल छापून येतं. त्यात त्याचं नाव, कंसात राजाचं नाव, आणि ते केशकर्तनालयापासून पोस्ट ऑफिसापर्यंत चिकटवलेलं. त्या रात्रीपासून गडी वही घेऊन अंगणात येरझाऱ्या घालतो, बायको शेजारणीला सांगते झोपेत पण बडबडतात म्हणून. विंगेत प्रॉम्प्टर असतो हां, पण त्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू गेला तर पुढची जत्रा येईपर्यंत गाव विसरत नाही. लाज नावाची गोष्ट आहे की नाही? न सांगता सुरू केलेलं काम सोडून दिलं तरी कोणाला कळतंय.

म्हापशेकार:
नाटकाची तारीख देवस्थान ठरवतं, तू नाही. माझ्या ध्येयाला तारीख कोण देणार?

पेडण्याचो_नट:
रेसला तारीख नसते काय रे 😄

वेर्णा_सेकंडशिफ्ट:
सांगायचं की नाही ते नंतर बघा, आधी लिहून तरी काढा लोकहो. येल युनिव्हर्सिटीत 1953 च्या बॅचमध्ये फक्त 3 टक्के मुलांनी ध्येय लिहून ठेवलेली आणि 20 वर्षांनी त्या 3 टक्क्यांकडे बाकी 97 टक्क्यांपेक्षा जास्त पैसा. आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगात सांगितलेलं, स्लाईड अजून मोबाईलमध्ये आहे.

ताळगांवकर_सर:
ती स्लाईड डिलीट करा. असा अभ्यास झालेलाच नाही, येलनेच जाहीर केलंय की 1953 च्या बॅचचा असला काही सर्व्हे झाला नव्हता. तरी दर ट्रेनरच्या पोतडीत हा असतोच, कोण तपासत नाही.

खरा अभ्यास पाहिजे असेल तर गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञाचा घ्या. 1975, अमेरिकेतलं ओक्लाहोमा, लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक. कायद्याने जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण 60 टक्केच भरून निघायचे, आणि वरचे लोक म्हणायचे 'नीट भरा, होईल तेवढं करा'. मग त्याऐवजी आकडा दिला, 94 टक्के. बक्षीस नाही, दंड नाही, पगार तोच. काही महिन्यांत गाड्या 90 च्या घरात भरायला लागल्या. 'होईल तेवढं' म्हटलं की काय होतं ते आपल्याकडे पंचायतीत जाऊन बघून या.

सत्तरीचो_टिपरवालो:
ट्रकांचं उदाहरण दिलंत म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचणारा. सर, ट्रकाला टार्गेट दिलं की काय होतं ते आमच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात येऊन विचारा. इथे ट्रिपेचे पैसे. जेवढ्या ट्रिपा जास्त तेवढा बँकेचा हप्ता सुटायचा, म्हणून रिकामी गाडी परत आणताना काय सुटायचे लोक, रस्त्यावर लाल धूळ, शाळेतली पोरं नाकाला रुमाल लावून, आणि अपघात किती झाले ते उसगावपासून कुडचड्यापर्यंत कुणालाही विचारा. आकडा गाठला सगळ्यांनी. आकड्यात रस्त्यावरचा माणूस धरला नव्हता एवढंच.

आणि ध्येय म्हणाल तर होतं की आमचं. एक टिपर, मग दुसरा, मग घराला स्लॅब. लिहिलेलं, बँकेत सही करून. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मधे थोडं सुरू झालं, परत 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या आणि 16 मार्चपासून काम ठप्प. कोर्टाचं चुकलं म्हणत नाही मी, डोंगर पोखरलेच होते. पण 'ठरवलं की होतं' हे जे सकाळी सकाळी मोटिव्हेशनवाले पाठवतात ना, त्यांना गाडीच्या टायरमधून उगवलेली रानतुळस दाखवायची इच्छा होते. सांगा नाहीतर सांगू नका, तुमच्या हातात किती आहे ते आधी बघा.

वेर्णा_सेकंडशिफ्ट:
बाब, तुमचं दुःख मान्य पण परिस्थिती खराब म्हणून ध्येयच ठेवायचं नाही असं कसं? धर्मानंद कोसंबी घ्या, 1876 चा जन्म, आपल्या सांकवाळचे. बुद्धाबद्दल शिकायचं एवढंच डोक्यात, हातात पैसा नाही, 1899 च्या शेवटी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत 1902 मध्ये सिलोनला पोचले, पाली शिकले आणि 1910 मध्ये हार्वर्डला. परिस्थिती बघत बसले असते तर घरच्या बागेतल्या नारळाचा हिशेबच करत राहिले असते.

मडगांवची_सुनबाय:
नारळाचा हिशेब मग कुणी केला? घरात बायको होती, मुलगी तान्ही होती. कोसंबी मोठेच, वाद नाही, पण त्यांच्या नावाने इथे प्रेरणा वाटताना मागे राहिलेल्यांचं पण एक वाक्य लिहा की.

मूळ विषयावर येते. सांगायचं नाही, गुपचूप करायचं, ही पुरुषांची चैन आहे. मला पहाटे 5 ला पोहायला जायचं तर पोराच्या डब्यापासून सासऱ्यांच्या गोळ्यांपर्यंत कुणीतरी बघायला पाहिजे, ते न सांगता कसं होणार? मी घरात चारचौघांत सांगितलं, मंगळवार आणि शुक्रवार सकाळ माझी, त्या दिवशी भाजी आदल्या रात्री चिरलेली मिळेल, फोडणी ज्याने त्याने द्यावी. आठवडाभर तोंडं वाकडी झाली. आता नवरा फोडणीत हिंग जास्त घालतो एवढाच त्रास.

लपूनछपून_अभ्यास:
ताई तुमचं लग्न झालंय म्हणून सांगता येतं 🙏 मी गोवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतेय आणि आईबाबा सोडून कुणालाही माहीत नाही. एकदा बोलून बघा आमच्या वाड्यावर. 'निकाल कधी', 'अमक्याच्या मुलीचं पहिल्याच फटक्यात झालं', 'ओळख लावली काय', आणि शेवटी 'मग लग्नाचं तोवर थांबवणार काय'. मी लायब्ररीत जाते ते कॉम्प्युटर क्लासला जाते म्हणून सांगते. नटभाऊ म्हणतात ती लाज नाटकाला उपयोगी असेल, मला तिच्यामुळे पुस्तकच उघडवत नाही.

ताळगांवकर_सर:
म्हापशेकारांनी गॉलविट्झर अर्धाच सांगितलाय. तो प्रयोग 'मी अमुक होणार' असल्या, स्वतःच्या ओळखीशी बांधलेल्या ध्येयांचा आहे. मंगळवारी पहाटे 5, कांपालचा तरणतलाव, असलं ठरवणं वेगळं, आणि त्याच गॉलविट्झरचं आधीपासूनचं म्हणणं आहे की कधी, कुठे, काय हे नेमकं ठरवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. सुनबाईंनी नेमकं तेच केलंय.

दुसरं म्हणजे 2016 मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या मंडळींनी 138 प्रयोग एकत्र करून बघितले, जवळजवळ 20 हजार माणसं. प्रगती नियमित तपासली तर ध्येय गाठायला मदत होते, आणि ती लिहून ठेवली किंवा दुसऱ्याला कळवली तर आणखी जास्त. म्हणजे सांगा, पण काय करणार ते नाही, काय केलं ते.

म्हापशेकार:
म्हणजे माझंच म्हणणं झालं.

पेडण्याचो_नट:
कसं काय? सर म्हणतात कळवा, तू म्हणतोस कळवू नका, आणि दोघांचं एकच?

म्हापशेकार:
मी इरादा म्हटलं होतं. हिशेब द्यायला माझी हरकत नाही, पण तो ज्याला कौतुकपण करायचं नाही आणि टोमणापण मारायचा नाही अशा माणसाला. गोव्यात असा माणूस शोधून द्या, दोघे कुठूनतरी नातेवाईक निघतातच.

लपूनछपून_अभ्यास:
मला चालेल कोणीतरी. दर रविवारी किती प्रकरणं झाली ते पाठवेन, उत्तरात फक्त अंगठा पाहिजे, सल्ला नको.

सत्तरीचो_टिपरवालो:
बाय, मला पाठव. शिक्षणातलं मला काय कळत नाही, त्यामुळे सल्ल्याची भीती नाही. आता हप्तापण नाही, गाडी विकली. नारळ आणि सुपारीची रोपं घातलीत, किती जगली ते मी तुला कळवतो. दोन रेड्यांनी खाल्ली ती धरून.