पेव्हर ब्लॉक की पाइप? (सोसायटी ग्रुप)

*ए-२०१ (सेक्रेटरी):* पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकचं कोटेशन आलंय. वर्षाचा पाऊस तेवढाच, गच्चीच्या पाइपांना हात लावायला नको, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय.

*सी-१०२:* काका, वर्षाचा आकडा शेतीला. पाइपाला फक्त तासाचं पाणी कळतं. हवा १ अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यात अरबी समुद्रही तापत चाललाय. म्हणून आठवडा कोरडा जातो आणि मग दोन तासांत कोसळतो.

*बी-३०४:* आकड्यात सांगा की राव 🙏

*सी-१०२:* गच्ची ४०० चौ.मी. धरा. १ चौ.मी.वर १ मिमी म्हणजे १ लिटर. तासाला ५० मिमी पडला तर २० हजार लिटर. एवढ्या पावसाला १०० मिमीचा एक उभा पाइप साधारण १७० चौ.मी. गच्ची सांभाळतो, म्हणून आपले तीन पुरतात. तासाला १०० मिमी झाला की तोच पाइप ८५ वर येतो, मग पाच लागतात. शिवाय तोंडावरची सपाट जाळी चार पानांनी बंद होते. घुमटाकार जाळी बसवा, पान बाजूला चिकटलं तरी वरून पाणी जातं.

*ए-४०३:* ब्लॉकला माझा विरोध नाही, पण खाली सिमेंटचा कोबा नको. २० मिमी खडी, वर बारीक कच, सांध्यातही कचच. सांधे सिमेंटनं भरले की संपलं, सगळं पाणी गेटकडं. आणि खाली काळी माती आहे, ती फुगते पण पाणी मुरू देत नाही. त्यामुळं खडीखालून छिद्रांचा पाइप शोषखड्ड्याला न्यावा. खड्डा कॉलमपासून ३ मीटर तरी लांब.

*बी-३०४:* गच्चीचं पाणी बोअरला सोडलं तर?

*ए-४०३:* सोडा, पण पहिल्या पावसाचं नको. सुरुवातीचे २ मिमी म्हणजे आपल्याकडं ८०० लिटर, त्यात धूळ आणि कबुतरांची घाण. ते बाहेर काढून मग फिल्टरमधून.

*डी-००१:* आम्हा तळमजल्याला पावसापेक्षा चेंबरची भीती. पंचगंगा चढली की ड्रेनेज उलटं येतं.

*सी-१०२:* बाहेर जाणाऱ्या लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी एकाच दिशेनं सोडणारी झडप बसवा. बाण रस्त्याकडं, उलटा बसला तर आपलंच पाणी अडतं. झडपेत केस, प्लास्टिक अडकलं की ती अर्धी उघडी राहते, म्हणून मे महिन्यात झाकण काढून हातानं हलवून बघायची. एक गोष्ट कुणी सांगत नाही: बाहेर पाणी चढून झडप बंद झाली की वरच्या मजल्यांचं सांडपाणी खालच्याच चेंबरला भरतं. तेव्हा चारही मजल्यांनी मोरी, वॉशिंग मशीन बंद ठेवायला पाहिजे.

*डी-००१:* हे वरच्यांना ठळक अक्षरात पाठवा 😄

*ए-२०१ (सेक्रेटरी):* कधीपासून बंद म्हणायचं?

*सी-१०२:* पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. ३९ ला गाड्या बाहेर, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद. ४३ ची वाट बघू नका, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात आणि ते पाणी पंचगंगेतच येतं.

*ए-४०३:* पाणी ओसरल्यावर तळटाकी उपसून, घासून भरा. १००० लिटरला ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळलेलं पाणीच टाकीत ओता, तासभर थांबा. चुना तळाशीच राहू दे.

*ए-२०१ (सेक्रेटरी):* ठीक. आधी दोन पाइप आणि व्हॉल्व, ब्लॉक दिवाळीनंतर. प्लंबर रविवारी ९ ला, गच्चीची किल्ली वॉचमनकडं ठेवतो.