किडनीचा आजार आणि वाट बघणं: तुमचे अनुभव

काल कपाट आवरताना जुनी फाईल हाती लागली. मेम्ब्रेनस नेफ्रोपथी, म्हणजे किडनीच्या गाळणीचा आजार, ज्यात लघवीतून प्रोटीन जातं. माझ्या २४ तासांच्या लघवीत ५ ग्रॅम प्रोटीन. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. बायोप्सीनंतर डॉक्टर म्हणाले, साधारण एक तृतीयांश लोकांचं प्रोटीन आपोआप उतरतं, एक तृतीयांशांचं प्रोटीन जात राहतं, उरलेल्यांची किडनी हळूहळू निकामी होत जाते. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) चांगलं होतं म्हणून सहा महिने थांबायचं ठरलं. बीपीची गोळी, सूज उतरवायची गोळी, मीठ कमी, बस. ते थांबणं फार जड गेलं. नवव्या महिन्यात प्रोटीन उतरायला लागलं. तुम्ही हे दिवस कसे काढलेत?

मोरपीस
मला थांबताच आलं नाही. रक्तातलं प्रोटीन, म्हणजे अल्ब्युमिन, २ च्या खाली, एक दिवस पोटरी सुजून ठणकायला लागली. गुठळी! आधी रक्त पातळ करायचं औषध, मग रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाचे दोन डोस, १५ दिवसांच्या अंतराने. रक्तातली पीएलएटूआर अँटिबॉडी (या आजारात किडनीवरच हल्ला करते ती) आधी खाली आली, प्रोटीन कितीतरी महिन्यांनी. आधी हे माहीत असतं तर दर रिपोर्टला रडले नसते.

चांदणं
पोटरीचं वाचून धस्स झालं गं. आता कशी आहेस?

मोरपीस
बरी आहे. रोज चालते :)

निळाई
ह्यांचं मिनिमल चेंज, किडनीच्या गाळणीचाच दुसरा आजार. लहान मुलांचं स्टिरॉइडने पटकन उतरतं म्हणे, मोठ्यांना कधीकधी चार महिनेही लागतात. चेहरा गोल, झोप गायब, रात्री दोनला कपाटं लावत बसायचे. थांबा, बेल वाजली

वाटसरू
२४ तासांची लघवी साठवायचा कॅन ऑफिसात कसा नेता?

चांदणं
सुट्टीच्या दिवशी करा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली मात्र धरायची. माझं एकदा उलटं झालं, सगळं परत करावं लागलं.

पाऊलवाट
बाबांचं उतरलं नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. प्रत्यारोपणाचं विचारलं तर कळलं, हा आजार नव्या किडनीतही परत येऊ शकतो. तरी नाव नोंदवलंय. गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका रे कुणी, किडनीला बाधतात.

मोरपीस
पाऊलवाट, बाबांना नमस्कार सांग. तूही वेळेवर जेवत जा.

निळाई
आले. तर तिसऱ्या महिन्यात उतरलं, मग साधी सर्दी झाली आणि प्रोटीन परत सुरू. पुन्हा स्टिरॉइड. आता घरीच लघवीत प्रोटीन तपासायची पट्टी बुडवून बघतो रोज सकाळी. आजची पिवळीच राहिली, म्हणजे प्रोटीन नाही.