मदत हवी आहे: ध्वजदिनाच्या कार्यक्रमाला वक्ता कुणाला बोलवू?
मंडळी, साताऱ्यात आमचं महिला मंडळ आहे, 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त दोन छोटी भाषणं ठेवायचीयेत, एक दुःखातून सावरण्यावर आणि दुसरं सीमेवरच्या जवानांसाठी आपण घरबसल्या काय करू शकतो यावर. आमच्याकडे घरटी कुणीतरी फौजेत, अपशिंगे मिलिटरी हे फौजींचं गाव तर सगळ्यांना माहितीच आहे, त्यामुळे समोर बसणाऱ्यांत वीरपत्नी आणि वीरमाता पण असणार. नेहमीसारखं स्टेजवर बोलवून शाल-नारळ, फोटो आणि माईकवर "तुम्हाला रडायचं नाही हं" असलं काही नकोय मला, त्या बिचाऱ्या अवघडून उभ्या असतात नुसत्या. समुपदेशक बोलवावा की अशाच प्रसंगातून गेलेल्या एखाद्या ताई बऱ्या? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर बोर्डावर लिहिणारच आहे, फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून वक्ता मिळतो का, अर्ज कसा करायचा? आणि गावातल्या फौजेत असलेल्या पोरांना 56 एपीओच्या (लष्करी टपालाच्या) पत्त्यावर लाडू-चिवडा पाठवायचाय, पॅकिंग कसं करता, पोचेपर्यंत टिकतं का? अनुभव असेल त्यांनीच सांगा प्लीज, मीटिंग रविवारी आहे.