मदत हवी आहे : आजारातून उठलेल्या वडिलांसोबत कॅम्पर व्हॅनने कारंजा, लोणार, शेगाव

सर्वांना सप्रेम नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. पावसाळ्यात वडिलांना न्यूमोनिया झाला होता; आता डॉक्टरांनी सावकाश प्रवासाची परवानगी दिली आहे. तरीही अंगणातून विहिरीपर्यंत चालून आले की ते काठावर हात टेकवून थांबतात आणि श्वास स्थिरावल्यावरच बोलतात. म्हणून झोपण्याची सोय असलेली कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन, दिवसाला जेमतेम दीड-दोन तास गाडी चालवत, कारंजा, वाशीम, लोणार, सिंदखेडराजा आणि शेगाव असे जाण्याचा विचार आहे.

उल्केच्या आघाताने तयार झालेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद असून त्यातील सरोवराला २०२० मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. खाली उतरणे वडिलांना झेपणार नाही, आणि तो हट्ट मी धरणारही नाही. मात्र गावातील दैत्यसूदन मंदिराचे कोरीवकाम त्यांना निवांत बसून पाहायचे आहे. तेथे पायऱ्या किती आहेत, आणि फारसे न चालता काठावरून सरोवर कोठून दिसते?

सर्वांत मोठी काळजी रात्रीची आहे. नेब्युलायझरसाठी, म्हणजे श्वासावाटे औषध देणाऱ्या यंत्रासाठी, वीज लागते. या मार्गावर व्हॅन रात्रभर सुरक्षित उभी करून वीजजोडणी मिळेल, असे भक्तनिवास, धर्मशाळा किंवा ओळखीचे शेतघर कोणाच्या माहितीत आहे का? योग्य ते भाडे आम्ही आनंदाने देऊ. घरच्या आजारी माणसाला घेऊन या भागात फिरलेल्यांनी आपला अनुभव अवश्य कळवावा, ही कळकळीची विनंती.