घोडी घरी गरीब, शोमध्ये मात्र मागच्या पायांवर उभी राहते, काय करावं?

कुमैत_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. राधानगरी रोडला आमचं गाव, दारात म्हशी पहिल्यापास्नं आहेत पण घोडं हे पहिलंच. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातनं मारवाडी घोडी आणली, कुमैत म्हणजे तांबूस-काळसर रंगाची आहे, चारी पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा म्हणजे पंचकल्याणी. आणली तेव्हा दोन दात होती, आता चार दात लागलीय. घरी एकदम गरीब, माझी पाच वर्षांची पुतणी हातानं गूळ चारते. पण गेल्या महिन्यात पहिल्यांदा घोड्यांच्या शोला नेली आणि स्पीकरवर नाव पुकारलं तशी जी बिथरली की बास, दोन पायांवर उभी, दोर तुटला, बाबांचा खांदा निखळला. तेव्हापास्नं घरीपण लगाम बघितला की मान वर टाकते, टेम्पोत चढत नाही.
मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारा गडी, म्हणतोय काटेरी लगाम घाला, दोन दिवसात सरळ येईल. शेजारचे म्हणतात शोच्या आधी शांत व्हायचं इंजेक्शन मारतात सगळेच. बाबा म्हणतात विकून टाक. मला विकायची नाहीय हो, जीव लागलाय तिच्यावर. खुराक विचाराल तर सकाळी दोन किलो हरभरा, संध्याकाळी दोन किलो, वर गूळ आणि थोडं तूप. वैरण कमीच, पोट सुटू नये म्हणून. दिवसभर अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढनं आणि मागच्या पायांना दोर बांधून सावलीत असते, संध्याकाळी अर्धा तास फिरवतो. मारवाडी जातच गरम असते म्हणतात, खरं काय?

खरारा:
भावा आधी बाबांचा खांदा बरा होऊ दे आणि त्यांना सांग घोडी विकू नका, चूक तिची नाही. आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत, मी लहान असल्यापास्नं हेच बघत आलोय की घोडं तापट म्हणून विकलं जातं आणि दुसऱ्याच्या दारात सहा महिन्यात मेंढरासारखं होतं. मारवाडी आणि काठियावाडी तिखट असतात हे खरं, पाचोळा हलला तरी कान फिरतात, आपल्या भीमथडी जातीच्या घोड्यासारखा थंडपणा त्यांच्यात नाही. पण तिखट असणं आणि घाबरून खुळं होणं ह्यात फरक आहे.
तू लिहिलंयस त्यातच उत्तर आहे बघ. चार किलो हरभरा, वैरण नाही, आणि साडेतेवीस तास जागेवर बांधून. अशानं माणूस पण भिंती चढेल. घोड्याचं पोट लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास गळत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. लाळ मात्र फक्त चावताना सुटते आणि ती लाळच आम्ल मारते. वैरण नसली की पोट रिकामं, वरच्या भागाला आम्ल लागतं, जखमा होतात, आणि मग जीन आवळला की चावायला धावणं, अंग चोरणं, दात खाणं सुरू. लोक म्हणतात खोड आहे. अरे पोटात आग पडलीय तिच्या.
कोरडी वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के तरी पाहिजे, म्हणजे साडेतीनशे किलोची घोडी असेल तर पाच ते सात किलो, आणि दिवसभर थोडी थोडी. चंदी, म्हणजे हरभऱ्याचा खुराक, हळूहळू कमी कर, एकदम तोडू नको, दहा-बारा दिवस घे. शोला न्यायच्या आधी उपाशी ठेवतात ते तर साफ चूक, उलट निघताना दोन मुठी वाळलेलं गवत चार, पोटात थर राहतो, आम्ल उसळत नाही. आणि एक, म्हशींचं नेपिअर गवत तिला रोज टाकत असशील तर बंद कर. त्यातल्या ऑक्झलेटमुळं कॅल्शियम अंगाला लागत नाही, घोड्याचं हाड ठिसूळ होतं, तोंड सुजल्यासारखं दिसतं. म्हशीला चालतं ते घोड्याला चालतंच असं नाही.
पिछाडी सोड आणि तारेचं नव्हे, लाकडी कुंपण करून परडं मोकळं करून दे. शेजारी म्हैस असली तरी चालेल, एकटं घोडं सुखात नसतं.

पशुवैद्य_सांगली:
खरारा काकांचं बरोबर आहे, मी फक्त दोन गोष्टी सांगते. घोडी चार दातांवर आलीय म्हणजे साडेतीन-चार वर्षांची, ह्याच वयात पुढचे दात बदलतात तशा दाढाही बदलत असतात, दुधाच्या दाढेची टोपी हिरडीत अडकून बसते. शिवाय काही घोड्यांना दाढेच्या अगदी पुढं मण्याएवढा बारका दात असतो, लगाम नेमका तिथं घासतो. लगाम बघून मान वर टाकते म्हणताय तर काहीही करायच्या आधी तोंड तपासून घ्या. काटेरी लगामाचं तर नावच काढू नका. जीभ आणि हिरडी फाटते, दुखण्यानं घोडी अजून वर उठते, आणि केंद्र सरकारच्या 1965 च्या नियमांत काटे किंवा टोकदार गाठी असलेला लगाम वापरायला मनाई आहे.
इंजेक्शनचं सांगते. ज्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल ते ॲसेप्रोमाझिन, त्यानं घोडं मंद दिसतं पण भीती जात नाही, मोठा आवाज झाला तर गुंगीतूनसुद्धा उसळतं आणि तेव्हा पाय धड पडत नाहीत. रक्तदाब उतरतो. नर घोड्यात तर इंद्रिय बाहेर येऊन परत आत न जाण्याचा धोका असतो. मैदानात कोणी हातात सिरिंज घेऊन आलं तर घोडीजवळ येऊ देऊ नका. शांत उभी असताना जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजायला शिका, मिनिटाला 28 ते 44 पाहिजे, ताप 38.5 सेल्सिअसच्या वर नको. घरच्या घरी नाडी सतत वाढलेली असेल तर तो स्वभाव नाही, काहीतरी दुखतंय. जवळपास घोड्याचे दात बघणारं कोणी नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून घ्या.

रपेट_रोज:
दादा, तोंड आणि पोट बघून झालं की मग आवाजाचं. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढं आणि शेपटीमागं आंधळी जागा असते, म्हणून समोर उभं राहून दोर ओढला की तिला तुम्ही नीट दिसत नाही आणि सुटायला वाट उरते ती वरच. मी हे माझ्या अंगावर आल्यावर शिकले. दोर लांब घ्या, खांद्याशी उभं राहा, वर उठायला लागली की खाली ओढू नका, दोर सैल सोडा आणि खाली आल्यावर बाजूला वळवून चालत ठेवा. आणि तिनं मान खाली घेतली, ओठ चाटले की त्याच क्षणी दोर ढिला सोडा. तिला ढील कधी मिळाली हेच लक्षात राहतं.
आपल्याकडं तर आवाजाला तोटा नाही. गणपतीच्या आधी तालमीत ढोल-ताशाचा सराव असतो तिथं न्या, पण लांबून, जिथं कान फिरतात पण तोंडातली वैरण चावायची थांबत नाही तेवढ्या अंतरावर. चावणं थांबलं की तुम्ही जास्त जवळ आलात, दहा पावलं मागं. घरी मोबाईलवर हलगी एकदम बारीक आवाजात लावा, वैरण टाकतानाच. शक्य असेल तर एखादं म्हातारं शांत घोडं सोबत घ्या, ते उभं राहिलं की तीपण राहते. दोन-तीन महिने तरी लागतील, ह्या सिझनचे शो सोडून द्या. टेम्पोचं पण तसंच, नुसती फळी टाकून त्यावर वैरण खाऊ द्या, पंधरा दिवस गाडी चालूच करू नका.

कुमैत_कोल्हापूर:
काका, डॉक्टर मॅडम, ताई, मनापासून आभार. काल इथल्या डॉक्टरांना बोलवून तोंड उघडून बघितलं, डाव्या बाजूला आतनं चांगलं बोटाच्या पेराएवढं सोललंय आणि तो मण्यासारखा दात पण आहे. मला रडायलाच आलं, एवढे दिवस मी तिला लगाम लावत होतो. बाबांनी पण वाकून बघितलं आणि काही बोलले नाहीत, आज सकाळी स्वतःच पिछाडीच्या खुंट्या उपटल्या. लगाम बंद, तोंडात काही न घालता नुसत्या मोहरकीच्या दोरावर फिरवतोय. दात काढायला शिरवळला न्यायचं म्हणतोय, पण ताई, टेम्पोत चढतच नाही तर आधी फळीचं करू की डॉक्टरांनाच इथं बोलवू?

रपेट_रोज:
इथंच बोलवा दादा. दुखऱ्या तोंडानं टेम्पोत चढवली तर टेम्पोची भीती पक्की बसेल. जखम भरली की फळी.