रोज सकाळी सगळ्या वर्गासमोर ‘आज कसं वाटतंय?’ विचारणं बंद करा

पाटीपेन्सिल
मुलाच्या शाळेच्या इमारतीचं काम निघालंय, त्यामुळे दुसरीचे वर्ग सहा आठवडे ऑनलाइन आहेत. हा चौथा आठवडा. शिकवण्याबद्दल तक्रार नाही, टीचर खूप मेहनत घेतात. तक्रार आहे ती पहिल्या दहा मिनिटांबद्दल. हजेरी झाली की स्क्रीनवर पाच चेहरे येतात: हसरा, ठीकठाक, उदास, रागावलेला, घाबरलेला. प्रत्येकाने आपला चेहरा निवडायचा, आणि कुणी कुठला निवडला ते सगळ्यांना दिसतं. मुलं घरी एकटी पडतात, त्यांच्या मनाची विचारपूस व्हावी, म्हणून शाळेने हे सुरू केलं. हेतूवर माझी शंका नाही.

पहिल्या सोमवारी आमच्या चिरंजीवांनी उदास चेहरा निवडला. टीचरनी अगदी मायेने विचारलं, “काय झालं रे?” छत्तीस चौकटी एकदम चिडीचूप. हा खाली मान घालून बसला, मग म्हणाला, “चुकून दाबलं गेलं.” त्या दिवसापासून रोज हसरा. काल सकाळी कंपासपेटीवरून बहिणीशी कडाक्याचं भांडण झालं होतं, डोळे लाल, नाक वाहतंय, आणि बोट सरळ हसऱ्यावर! नंतर विचारलं तर म्हणे, “तो दाबला की लवकर संपतं.”

सात वर्षांच्या पोराला मनातलं लपवायचा रोज सराव मिळतोय, दुसरं काय? त्यापेक्षा ती दहा मिनिटं मुलांना आपापसात गप्पा मारू द्या. माझ्या मुलाला करमत नाहीये ते बाकावरचा शेजारी नाही म्हणून. आणि ज्याचं खरंच काही बिनसलंय त्याच्या घरी टीचरनी वेगळा फोन करावा.

तिसरी ब
मी प्राथमिकला शिकवते आणि मला हे अजिबात पटलेलं नाही. तुमच्यासमोर एक मूल आहे, माझ्यासमोर अडतीस. वर्गात पाऊल टाकलं की मला कळतं, कोण बाकावर डोकं टेकून बसलंय, कोणाची रोजची जोडी आज फुटलीय. स्क्रीनवर मला काय दिसतं? कुणाचं कपाळ, कुणाच्या घरातला पंखा.

मागच्या वर्षी आमचेही वर्ग काही आठवडे ऑनलाइन होते. एक मुलगी ओळीने तीन दिवस ‘घाबरलेला’ निवडत होती. विचारलं तर गप्प. संध्याकाळी आईला फोन केला, तेव्हा उलगडा झाला. शाळा आता कायमचीच बंद झाली असं तिने मनाशी धरलं होतं. कधी उघडणार ते आम्ही पालकांना कळवलं होतं, मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी वर्गात कॅलेंडर दाखवून तारखेला गोल केला. तो चेहरा नसता तर मला कधीच कळलं नसतं.

उलटतपासणी
तुमचा किस्सा तर पाटीपेन्सिलताईंचीच बाजू घेतोय. वर्गात विचारल्यावर ती गप्प, आणि उलगडा झाला तो फोनवर!

तिसरी ब
फोन कुणाला करायचा ते त्या चेहऱ्याने सांगितलं. रोज अडतीस फोन करू का?

मधली सुट्टी
भावनेला नाव दिलं की तिचा जोर ओसरतो, याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांचा २००७चा अभ्यास आहे. लोकांना राग-भीती दाखवणारे चेहरे दाखवले. त्यावरच्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, हालचाल कमी झालेली दिसली. तेव्हा पाच चेहरे म्हणजे नुसती टूम नाही.

उलटतपासणी
हो, पण ती मोठी माणसं होती, आणि चेहरे परक्यांचे, फोटोतले. स्वतःची भीती पस्तीस वर्गमित्रांसमोर जाहीर करायची नव्हती त्यांना. त्यावरून दुसरीच्या वर्गाबद्दल किती बोलायचं?

मधली सुट्टी
मान्य, थोडं ताणलं मी. तरी नावं शिकायला तर हवीतच ना? आमच्याकडे मुलगा वही आपटतो तेव्हा मीच म्हणते, “बेरीज चुकली म्हणून चिडलायस वाटतं.” कधी ‘हो’ येतं. कधी ‘चिडलो नाही, कंटाळलोय’ असं येतं. त्याला दुरुस्ती करता येते याचंच मला अप्रूप वाटतं. पाच चेहऱ्यांत ‘कंटाळलोय’ कुठे आहे?

जुना बाक
फार लाड चाललेत. १९३७ साली शिकागोत पोलिओच्या साथीमुळे शाळा उघडता आल्या नाहीत, तेव्हा तीन लाखांवर मुलांना चक्क रेडिओवरून शिकवलं. पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे, वेळापत्रक वर्तमानपत्रात. तेव्हा कुणी विचारलं का, बाळा तुला कसं वाटतंय? शाळेने शिकवावं, मनाचं घरच्यांनी बघावं.

शाईचा डाग
काका, शिकागोचा तो प्रकार काही आठवड्यांतच आटोपला, आणि पालकांना अडचणी विचारायला फोनची सोयही होती. वर्षानुवर्षं दूरशिक्षण चालवणाऱ्यांकडे बघा की. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागातल्या मुलांसाठी ॲलिस स्प्रिंग्जला १९५१ साली रेडिओवरची शाळा सुरू झाली. कल्पना ॲडलेड मीथके यांची, रेडिओचं जाळं फ्लाइंग डॉक्टर सेवेचं, म्हणजे दूरच्या वस्त्यांवर विमानाने डॉक्टर पाठवणाऱ्या संस्थेचं. सुरुवातीला धडे एकतर्फीच होते, पण लवकरच त्यांना शेवटी प्रश्नोत्तरांची जोड मिळाली. एकेक घर शेकडो किलोमीटर लांब, तरी तिथले शिक्षक विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन भेटतात, आणि मुलांना एकत्र आणून वर्ग भरवतात. मनाचं घरच्यांनी बघावं म्हणून सोडून दिलेलं दिसत नाही.

जुना बाक
भेटतात ना? मग भेटा. चेहरे कशाला दाबायला लावता?

शाईचा डाग
हे मात्र बरोबर बोललात.

काळा चौकोन
विषय थोडा सोडून, पण यातलाच. आमच्या मुलीच्या वर्गात कॅमेरा सक्तीने चालू. ती तिसरीत आहे आणि पूर्ण तासभर स्वतःकडेच बघते. केस नीट कर, हनुवटी खाली घे. संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यात हे आहे: सतत स्वतःचं रूप समोर, जवळून रोखलेल्या नजरा, एका जागी खिळून बसणं. मी सेटिंगमध्ये जाऊन तिची चौकट फक्त तिच्यापुरती लपवली. पहिले दोन दिवस विचारत होती, “बाबा, मी आहे ना तिथे?” आता मांडी घालून, उलटी-सुलटी बसून ऐकते. चेहरे-बिहरे नंतर बघू, आधी हे एक बटण सगळ्या पालकांना दाखवा.

तिसरी ब
हे उद्याच सांगते पालकांना. आणि चेहऱ्यांबद्दलही एक पाऊल मागे येते: कुणी काय निवडलं ते फक्त मला दिसेल असं करता येतं, तसं करायला हवं. पाटीपेन्सिलताईंच्या मुलाच्या बाबतीत चूक झाली ती सगळ्यांसमोर विचारण्यात.

पण मोकळ्या गप्पांचं एवढं गोड चित्र रंगवू नका. मी करून पाहिलंय. दहा मिनिटांतली आठ मिनिटं दोन मुलगे ओरडत होते, आणि एकीला सगळ्यांदेखत ऐकावं लागलं, “तू नको ना बोलूस, तुझा आवाज खरखरतो.” खरखर माइकची होती. ती पुढचे चार दिवस अनम्यूट झाली नाही. मैदानावर अशी मुलगी उठून दुसऱ्या घोळक्यात जाते. स्क्रीनवर कुठे जाणार?

पाटीपेन्सिल
चार-चारचे गट करा की.

तिसरी ब
म्हणजे नऊ-दहा खोल्या आणि मी एकटी. मुलांना कुणा मोठ्याच्या नजरेशिवाय सोडायचं नाही असा आमचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे.

पाटीपेन्सिल
मग मागच्या गुरुवारचं ऐका. तास सुरू असताना टीचरचं नेट गेलं. अकरा मिनिटं. मी मागेच कपड्यांच्या घड्या घालत होते. आधी सगळे नुसते “टीचर? टीचर?” करत होते. मग एका मुलीने कॅमेऱ्याला तोंड लावून हलणारा दात दाखवला, जिभेने पुढे-मागे करून. झालं! सगळ्यांनी जबडे उघडले. स्क्रीनभर नुसत्या खिंडी. कुणीतरी मोजणी सुरू केली, आमच्या चिरंजीवांनी वही घेऊन हिशेब ठेवला. एकूण एकेचाळीस पडलेले, सहा हलणारे. टीचर परत आल्या तेव्हा हा इतका हसत होता की त्याला उचकी लागली. तीन आठवड्यांत त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. दात पडणं ही या वयातली केवढी मोठी बातमी, आणि ती दाखवायला घरात आम्ही तिघंच!

मधली सुट्टी
एकेचाळीस! 😄

तिसरी ब
छान आहे, खरंच. फक्त एक विचारू? त्या अकरा मिनिटांत कोण एकदाही बोललं नाही, ते आठवतंय का?

पाटीपेन्सिल
नाही आठवत. मीही हसत होते.

पाटीपेन्सिल
आत्ता मुलाला विचारून आले. वही उघडून बघितली त्याने. चौघांच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नाही. “ते बोललेच नाहीत,” म्हणाला. मी विचारलं, ते चौघं सकाळी कुठला चेहरा दाबतात? “हसरा. माझ्यासारखाच.”