शब्दचर्चा : ‘शेवट आवडला, पण पटला नाही’

माहीमहून

गेले तीन आठवडे आमच्याकडे रोज जेवणं झाली की ‘टेड लासो’ लागत होती. ॲपल टीव्ही प्लसवरची इंग्रजी मालिका, २०२० ते २०२३, तीन सीझन, एकूण ३४ भाग. बघणारे चौघे : मी, माझ्या भावाची दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेली माझी मावशी. रविवारी रात्री शेवटचा भाग संपला आणि वाद सुरू झाला तो एक वाजेपर्यंत. मला त्या वादापेक्षा त्यातली क्रियापदं जास्त मोलाची वाटली, म्हणून इथे मांडते.

भाची म्हणाली, “आत्या, शेवट आवडला, पण पटला नाही.” भाचा म्हणाला, “शेवटी शेवटी सगळं उरकलंय.” मी म्हणाले, “असू दे रे, शेवट गोड झाला ना?” आणि मावशी उठता उठता म्हणाली, “गेला ना तो आपल्या पोराकडे? झालं तर मग.”

एकच भाग, चार निवाडे. ज्यांना ही मालिका अजून बघायची आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण शेवट सांगितल्याशिवाय पुढे बोलता येणार नाही. कॅन्ससचा एक अमेरिकन प्रशिक्षक लंडनच्या रिचमंड या काल्पनिक क्लबला फुटबॉल शिकवायला येतो. त्याला या खेळाचे नियमही येत नाहीत. घटस्फोटित नवऱ्यावरच्या रागापोटी क्लब बुडवायला निघालेल्या मालकिणीनेच त्याला आणलेलं असतं. तो आपल्या चांगुलपणाने एकेकाला आपलंसं करतो. शेवटच्या भागात रिचमंड वेस्ट हॅमला हरवतं, पण विजेतेपद मँचेस्टर सिटीकडे जातं. टेड सगळ्यांचा निरोप घेऊन मुलाकडे, हेन्रीकडे, परत जातो.

भाचीच्या वाक्याकडे वळते. ‘आवडणे’ आणि ‘पटणे’ यांत आपण मराठी माणसं इतका स्वच्छ फरक करतो की त्यावर सहसा कुणी बोलतच नाही. आवडणं मनाचं. त्याला कारण विचारलं तरी चालतं, नाही विचारलं तरी चालतं. पटणं मात्र जुळण्याचं. हिशेब पटतो, ओळख पटते, सासूसुनेचं पटतं किंवा पटत नाही. प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी समोरासमोर ठेवलेल्या असतात आणि त्या एकमेकींशी जुळतात का ते पाहिलेलं असतं. म्हणजे ‘शेवट पटला नाही’ म्हणणारी माणसं शेवटाला नावं ठेवत नाहीत. आधीच्या ३३ भागांशी तो ताडून बघतात आणि कुठेतरी बेरीज चुकली म्हणतात. माझ्या मते मालिकेच्या शेवटाबद्दल बोलायला मराठीत याहून नेमका शब्द नाही.

आता बाकीच्या तिघांच्या शब्दांवर तुमचं म्हणणं ऐकायचं आहे.

करी रोडहून

तुमच्या भाच्याच्या बाजूने लिहिते. ‘उरकणे’ हा मुळात वाईट शब्द नाही. मी रोज सकाळी पाणी भरणं, डबे, देवपूजा उरकून गाडी पकडते. त्यात कुणाचा अपमान नाही. कामं उरकायचीच असतात. पण “त्यांच्या मुलीचं लग्न उरकलं” असं कुणी म्हणालं, की ऐकणारी लगेच विचारते, “का गं, काय झालं?” जी गोष्ट सावकाश, चार माणसांच्या समोर व्हायला हवी ती घाईने झाली की हा शब्द टोचायला लागतो.

नेटचं नेमकं तसं झालं. कपडे सांभाळणारा मुलगा साहाय्यक प्रशिक्षक होतो, टेडवर उलटतो, दुसऱ्या सीझनच्या शेवटी भिंतीवरचा तो पिवळा ‘बिलीव्ह’ फलक फाडतो आणि वेस्ट हॅमला जाऊन बसतो. एवढी मोठी फारकत. आणि तो वेस्ट हॅम सोडतो ते आपल्याला दिसतच नाही! सोडलं, एवढंच नंतर कळतं. मग शेवटच्या भागात तो टेडची माफी मागतो आणि टेड त्याला मिठी मारतो. मिठी बघून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण मनात होतं, अरे, मधली पंगत कुठे गेली? वाढलं कधी, जेवले कधी? थेट विड्याचं पान हातात.

गिरगावहून

मला मावशींच्या “झालं तर मग” या वाक्यावर लिहायचं आहे, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे गोष्ट संपवण्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. श्रावणातल्या शुक्रवारी आई हातात तांदूळ घेऊन जिवतीची कहाणी सांगायची. आम्ही भावंडंही मुठीत तांदूळ धरून बसायचो. घामाने ते तळहाताला चिकटायचे. शेवटी ती म्हणायची, “ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.” ते कानावर पडलं की तांदूळ वाहायचे आणि उठायचं. लहानपणी मला ‘उत्तर’ म्हणजे प्रश्नाचं उत्तर वाटायचं आणि ते साठ प्रश्न कुठले ते कळायचं नाही. जुन्या मराठीत उत्तर म्हणजे बोल, वचन. तुकोबांच्या “संतांचीं उच्छिष्टें बोलतों उत्तरें” या ओळीत तोच अर्थ आहे. म्हणजे साठ बोलांत सांगावी एवढी मोठी कहाणी मी पाच बोलांत आटोपशीर सांगितली, असं सांगणारी बाई सांगते आहे.

आता तिने चांगल्या शेवटाच्या किती अटी घातल्या बघा. कहाणी आटोपशीर हवी. सुफळ हवी, म्हणजे व्रत करणाऱ्याला फळ मिळालेलं हवं. आणि संपूर्ण हवी, कुणी अर्धवट लोंबकळत राहायला नको. यांतली एक अट पाळली म्हणून दुसरी माफ होत नाही.

‘टेड लासो’ला हे माप लावून बघितलं. फळ मिळालं. टेडला मुलगा मिळाला. मालकीण रेबेका क्लबचे ४९ टक्के हिस्से चाहत्यांना विकते, म्हणजे जो क्लब बुडवायला निघाली होती तो लोकांच्या हाती देते. हे फळ मला फार मोठं वाटतं. संपूर्ण? नेटच्या बाबतीत करी रोडच्या ताईंशी मी सहमत आहे. आणि आटोपशीर तर मुळीच नाही. पहिल्या सीझनचे भाग अर्ध्या तासाच्या आसपास होते. शेवटचा भाग सव्वा तासाच्या घरात गेला. पाच उत्तरांची कहाणी साठ उत्तरांत सांगायला लागले, आणि तरी नेटला द्यायला एक उत्तर उरलं नाही.

मुलुंडहून

थोडा विरोध नोंदवतो. हे माप व्रताच्या कहाणीचं आहे. व्रत केलं की फळ मिळणारच, ते आधीपासून ठरलेलं असतं. प्रत्येक कथेला ते कसं लावणार?

मराठी समीक्षेत ‘शोकान्तिका’ आणि ‘शोकात्मिका’ असे दोन शब्द वापरतात. पहिल्यात अंत शोकाचा, दुसऱ्यात सगळ्या नाटकाचा आत्माच शोकाचा. तोच भेद सुखाकडे आणला की ‘सुखान्त’ आणि ‘सुखात्म’ असे दोन शब्द हाताशी येतात. ज्याला हल्ली सगळे ‘फील-गुड’ म्हणतात त्याला मी ‘सुखात्म’ म्हणेन. ‘हलकीफुलकी’ हा शब्द वर्तमानपत्रं वापरतात, तो इथे बसत नाही. टेडला पॅनिक अटॅक येतात. त्याच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे आणि ते तो बराच काळ मनातच ठेवतो. हे हलकंही नाही आणि फुलकंही नाही. तरीही बघून झाल्यावर माणूस सुखावतो, कारण माणसं एकमेकांना सांभाळून घेतात यावर मालिकेचा विश्वास आहे. तो विश्वास तिच्या आत्म्यात आहे, शेवटात नाही.

म्हणून माझं म्हणणं, सुखात्म कथेने सुखान्त व्हायलाच हवं असं नाही. रिचमंड दुसऱ्या क्रमांकावर राहतं हे मला याचसाठी आवडलं, आणि तुमच्या भाचीच्या भाषेत, पटलंही.

माहीमहून

मुलुंडच्या दादांचा ‘सुखात्म’ मी आजपासून वापरणार. पण ‘गोड’वर कुणीच काही बोललं नाही आणि तो शब्द तर माझा होता, तेव्हा मीच बोलते.

भाचा मला म्हणाला, “आत्या, तुला सगळंच गोड लागतं.” मी त्याला तुकोबांची ओळ म्हणून दाखवली : “याजसाठी केला होता अट्टाहास । शेवटचा दिस गोड व्हावा ॥” ही ओळ आपण निरोपसमारंभात इतकी वापरतो की तिच्यातला ‘अट्टाहास’ कुणाला ऐकूच येत नाही. इथे गोडपणा आधी केलेल्या कष्टांतून आला आहे. आणि पुढच्याच चरणात तो कसला ते सांगितलं आहे : “आतां निश्चिंतीनें पावलों विसांवा.” निश्चिंती, विसावा. त्यात जिंकणं कुठेच नाही.

‘गोड शेवट’ आणि ‘शेवट गोड’ यांतही मला फरक वाटतो. ‘गोड शेवट’ म्हटलं की तयार पेढा समोर आला. ‘शेवट गोड’ म्हटलं की पुढे क्रियापद लागतं आणि तिथे खरी परीक्षा होते : झाला की केला? ‘शेवट गोड झाला’ यात तो आपसूक पिकत आला. ‘शेवट गोड केला’ म्हटलं की करणाऱ्याचा हात दिसायला लागतो. झाडाचा पाडाला आलेला आंबा आणि पावडर मारून पिवळा केलेला आंबा पेटीत शेजारी शेजारी ठेवले तरी नाकाला कळतात.

शेवटच्या सामन्याच्या मध्यंतरात खेळाडू त्या फाटलेल्या ‘बिलीव्ह’चे तुकडे आपापल्या जागेतून काढतात आणि जुळवतात. एकेकाने एकेक तुकडा जपून ठेवलेला असतो, टेडला न सांगता. तिथे आमच्या घरात चौघंही गप्प झाली. तो प्रसंग ‘झालेला’ आहे, कारण त्या मुलांना आपण हळूहळू तशी होताना पाहिलं होतं. आणि आधी ॲम्स्टरडॅमला एकदाच भेटलेला तो डच वैमानिक विमानतळावर रेबेकाला अगदी वेळेवर पुन्हा भेटतो, तो प्रसंग ‘केलेला’ आहे. तिथे मला पावडरीचा वास आला, हे मान्य करते.

पार्ल्याहून

आमच्या कामातले शब्द अजून आले नाहीत, म्हणून लिहिते. मी काही वर्षं मराठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले.

आमच्याकडे ‘शेवट’ हा शब्दच कुणी वापरत नाही. मालिका चालत असेपर्यंत लोक म्हणतात “पाणी घालतायत” आणि ते खरंच असतं. मग एक दिवस निरोप येतो, “आवरतं घ्या.” एकदा आम्हाला तीन आठवडे मिळाले होते. चार ट्रॅक, म्हणजे उपकथानकं, उघडे होते. मीटिंगमध्ये प्रत्येक ट्रॅकपुढे एकच शब्द लिहिला गेला : ‘मिटवा’. भांडण मिटवतात, तसं. खलनायिकेला पश्चात्ताप झाला तो मी एका दुपारीत लिहिला. वर्षभर जिने घर फोडलं तिला रडायला मी दीड पान दिलं, कारण तेवढंच होतं. आजही ते पान आठवलं की अंगावर काटा येतो. प्रेक्षक “पटलं नाही” म्हणाले आणि ते बरोबर होते.

वर्तमानपत्रात मात्र छापून आलं, “मालिका प्रेक्षकांचा निरोप घेणार.” या वाक्प्रयोगावर माझा राग आहे. निरोप घ्यायला माणूस उंबऱ्यात थांबतो, “येतो” म्हणतो, हातावर दही घेतो. आम्हाला उंबराच नव्हता.

शेवटच्या दिवशी गोरेगावला सेटवर पॅक-अप झालं आणि सेटवाल्यांनी अंगणातलं तुळशी वृंदावन उचललं. लाकडाच्या चौकटीवर प्लास्टर होतं, दोघांनी सहज उचलून टेम्पोत ठेवलं. तुळस मात्र खरी होती. तिला रोज पाणी घालणारा स्पॉटदादा ती हातात घेऊन उभा होता, कुठे ठेवू विचारत. मी ती घरी आणली. अजून गॅलरीत आहे.

म्हणून ‘टेड लासो’च्या शेवटच्या भागात सगळा संघ गाऊन, नाचून टेडला निरोप देतो तेव्हा मला हेवा वाटला. लांबला म्हणा, गोडगोड म्हणा. त्यांना निरोप ‘घ्यायला’ मिळाला. करी रोडच्या ताईंची नेटबद्दलची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे, पण त्या एका गोष्टीमुळे सगळाच शेवट ‘उरकला’ म्हणू नका. ज्यांनी खरोखर उरकलं आहे, त्यांच्यातली एक म्हणून हे सांगते.

करी रोडहून

ताई, तुमचं वाचून शब्द बदलते. नेट उरकला. शेवट उरकला नाही.

गिरगावहून

मीही ‘संपूर्ण’ची अट थोडी सैल करतो. ‘आटोपशीर’ची नाही.

आणि मावशींचं राहिलंच. “झालं तर मग” हे मला ‘सुफळ संपूर्ण’चं रोजच्या बोलण्यातलं रूप वाटतं. आईने मुलाला शाळेतून आल्यावर विचारावं, “डबा खाल्लास ना? झालं तर मग.” मनाला लागलेली एकच काळजी मिटली की उरलेलं सगळं सोडून देता येतं. मावशींना पहिल्या भागापासून एकच काळजी असणार.

माहीमहून

खरं आहे. पहिल्या सीझनमध्ये टेड फोनवर हेन्रीशी बोलायचा तेव्हापासून मावशी म्हणायची, “लेकराला सोडून सातासमुद्रापार कशाला आला हा?” आम्ही सामन्यांचे गुण मोजत होतो. ती ३४ भाग एवढंच मोजत होती.

भाचीला मी ही सगळी चर्चा वाचून दाखवली. तिला टेडचं जाणं पटलं होतं. न पटलेलं होतं ते टेडशिवायचं रिचमंड, शेवटच्या काही मिनिटांत भरभर दाखवलेलं, संघाचा जुना कप्तान रॉय प्रशिक्षक झाला वगैरे. त्यावर मला उत्तर देता आलं नाही, ती बरोबर असावी.

मार्च २०२५मध्ये चौथा सीझन जाहीर झाला, टेड रिचमंडला परतून महिलांच्या संघाला शिकवणार. हे मी काल मावशीला सांगितलं. ती लसूण सोलत होती. हात थांबवून म्हणाली, “आणि पोरगा? त्याला बरोबर घेऊन येणार आहे ना?”